चौघं एकत्र राहिलो म्हणून सावरलो: फॅमिली शेल्टरमधले आमचे आठ महिने

आम्ही चौघं म्हणजे मी, माझे मिस्टर, चौथीतली मोठी आणि तीन वर्षांचा धाकटा, जुलै २०२३ ते एप्रिल २०२४ पुण्यात महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात राहिलो. आता परत भाड्याच्या खोलीत आहोत. हे लिहायला इतके दिवस लागले कारण नात्यातल्या निम्म्या लोकांना अजून यातलं काही माहीत नाही. पण मागच्या महिन्यात मी काम करते त्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई आल्या, हातात खोली खाली करायची नोटीस, कडेवर एक आणि बोटाला एक पोर, आणि झेरॉक्स निघेपर्यंत त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, अशा वेळी पोरांना घेऊन जायचं तरी कुठं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे तारीखवार लिहितेय, कोणाला उपयोग झाला तर बरंच.

११ फेब्रुवारी २०२३ ला मिस्टरांचा ॲक्सिडेंट झाला. ते पार्सल डिलिव्हरी करायचे, टेम्पोने मागून उडवलं, नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड टाकला. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बिनपैशाचं झालं, त्यामुळे हॉस्पिटलच्या बिलाने आम्ही बुडालो असं नाही. बुडालो ते नंतरच्या महिन्यांत. चार महिने पाय टेकवायचा नाही म्हणाले आणि पार्सलच्या कामात गाडी चालली तरच पैसे. माझा पगार ९,५०० आणि खोलीचं भाडं ६,५०० अधिक लाईट. मार्च, एप्रिल कसंतरी दिलं, मेपासून थकलं, २५,००० डिपॉझिट होतं त्यातून मालक कापत गेले आणि जूनमध्ये म्हणाले १५ जुलैपर्यंत खोली मोकळी करा.

मी रोज सुटल्यावर खोल्या बघत होते पण भाड्याचा प्रश्न नंतरचा, आधी डिपॉझिट २०-२५ हजार हातात पाहिजे, ते कुठून आणणार. १६ जुलैला रविवार होता. दुसऱ्या दिवशी दीप अमावास्या म्हणून मी समई-निरांजनं चिंचेने घासून पेपरवर वाळत घातली होती, तेवढ्यात मालक दोन माणसं घेऊन आले आणि सामान जिन्यात काढायला लागले. मिस्टर वॉकर धरून दारात उभे होते. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. मी भांडले नाही, मला वाटलं भाडं थकलंय म्हणजे आपल्याला बोलायचा अधिकारच नाही.

हे चुकीचं होतं हे मला चार महिन्यांनी कळलं, म्हणून इथेच सांगते. भाडं थकलं तरी कोर्टाच्या किंवा सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय मालकाला तुमचं सामान बाहेर काढता येत नाही. आमचा करार १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर होता, नोंदणी केलेली नव्हती, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात (१९९९ चा, कलम ५५) नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला वाटलं तर त्याने ते खोटं ठरवावं. बायकांना आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. पुण्यात त्यांचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टात आहे आणि १५१०० हा हेल्पलाईन नंबर देशभर चालतो. मला हे जूनमध्ये माहीत असतं तर निदान दोन-तीन महिने मिळाले असते आणि पुढचं निम्मं रामायण टळलं असतं.

टेम्पोला १,२०० गेले. सामान दुकानातल्या सहकारी बाईच्या मावशीकडे माळ्यावर ठेवलं, महिना ५००. आम्ही नणंदेकडे गेलो, भोसरीला. एक खोली, त्यांची चार माणसं, आमची चार. नणंद काही बोलली नाही, उलट तिने स्वतःची गादी यांना दिली, पण तिसऱ्या दिवशी तिच्या घरमालकाने एवढी माणसं कशी म्हणून तिलाच दम दिला, मग आम्ही "गावाला जातो" सांगून निघालो. गावाला जायला काही नव्हतं. सासरे गेले, जमीन नाही, पडकं घर दिराच्या वाटणीला.

१८ आणि १९ जुलै, दोन रात्री पुणे स्टेशनवर काढल्या. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये आणि दोन तासच चालतं, म्हणून आम्ही तिकीटघराच्या बाजूच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलो. बाहेर पाऊस थांबत नव्हता. रात्री दोनच्या सुमाराला काठी आपटत उठवायचे, मग सगळे उठून उभे राहायचे, फरशी पुसली जायची, ओल्या फरशीवर परत कसं बसायचं म्हणून मी मुलांना मांडीवर घ्यायचे. मोठी शाळेचे बूट पायातून काढेना. मी म्हटलं पाय सुजतील, काढ, तर म्हणाली, "आई, बूट गेले तर शाळेत कशी जाऊ?" लेसच्या तिने तीन-तीन गाठी मारल्या होत्या. २० ला सकाळी तिथल्या टीव्हीवर इर्शाळवाडीची बातमी चालू होती, रात्रीत दरड कोसळून वाडी गेली, आणि ती पोरगी बूट घातलेले पाय पोटाशी घेऊन ते बघत होती.

त्याच सकाळी स्टेशनवरच्या मुलांच्या मदत कक्षातली एक ताई आमच्याकडे आली. तिने विचारलं कुठे निघालात आणि मी खोटं बोलले, गाडीची वाट बघतोय म्हणाले. मला एकच भीती होती, ही माणसं मुलांना उचलून बालगृहात टाकतील. ही भीती जवळजवळ प्रत्येक आईबापाला असते आणि त्यापायी लोक १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करत नाहीत, मदत कक्षाच्या समोरून मान खाली घालून जातात. त्या ताई खाली फरशीवर माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "गरिबी आहे म्हणून पोरं आईबापापासून तोडत नाहीत ताई, कायदाच तसा आहे." बाल न्याय कायद्यात (२०१५) संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलंय, आधी कुटुंब. घर नाही, उत्पन्न नाही अशा मुलांची बालकल्याण समितीकडे नोंद होऊ शकते हेही खरं, त्यांनी ते लपवलं नाही, पण आईबाप सोबत आहेत, सांभाळतायत, तर मदत अख्ख्या कुटुंबाला करायची असते. त्यांनी तिथूनच दोन-तीन फोन लावले.

आणि मग पुढचा धक्का. जागा मिळाली, पण वेगवेगळी. मिस्टरांना पुरुषांच्या निवाऱ्यात, मला आणि मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या. बहुतेक निवारे असेच आहेत, एकेकट्या माणसाला धरून केलेले. त्या दिवशी डोक्यावर छप्पर मिळतंय म्हटल्यावर मी हो म्हटलं. २० ते २७ जुलै, आठ रात्री आम्ही वेगळे होतो.

त्या आठ दिवसांत मला नीट कळलं की कुटुंब एकत्र असण्याचा हिशोब पैशातही होतो. मिस्टर सोबत असताना धाकट्याला ते बघायचे, पाय पसरून बसून का होईना, आणि मी कामावर जायचे. वेगळे झाल्यावर धाकटा कोणाकडे ठेवू? मला आठ दिवसांत पाच खाडे पडले. शेठ म्हणाले सोमवारी नाही आलात तर दुसरी बघतो. तिकडे मिस्टरांना वॉकर घेऊन भारतीय संडास जमत नव्हता, माझ्याशिवाय मदत मागायला त्यांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी जेवणच कमी केलं होतं, हे मला त्यांनी खूप नंतर सांगितलं. मी रोज ४० रुपयांचा पीएमपी बसचा पास काढून मुलांना घेऊन त्यांना भेटायला जायचे, आम्ही गेटबाहेर फुटपाथवर बसून १० रुपयांची शिवभोजन थाळी खायचो, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, आणि नऊच्या आत मला परत पोचायला लागायचं. निघताना धाकटा बाबांच्या वॉकरला घट्ट धरायचा, त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागायची.

बायकांच्या निवाऱ्यातल्या केअरटेकर मावशींनी मला एक नवा शब्द शिकवला. म्हणाल्या, "तू नुसतं निवारा निवारा करू नको, फॅमिली शेल्टर पाहिजे असं लेखी माग." तेव्हा मला कळलं की असा प्रकार वेगळा असतो. केंद्र सरकारच्या तेव्हा चालू असलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या, म्हणजे ज्याला सगळे एनयूएलएम म्हणायचे त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कुटुंबांसाठी वेगळे निवारे, आडोसा असलेली रचना, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शहरात एक लाख लोकसंख्येमागे निदान एक कायमचा निवारा, चोवीस तास बारा महिने उघडा, माणशी ५० चौरस फूट जागा. त्याच्याआधी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेही अन्नाच्या हक्काच्या केसमध्ये शहरांना बारमाही निवारे उभारायचे आदेश दिले होते. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांवर बेघर माणसं मोजली गेली, त्या मानाने निवारे फारच थोडे आणि त्यातले कुटुंबांचे तर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. म्हणून मागायला लागतं. लेखी मागायला लागतं आणि पोच घ्यायला लागते.

२४ जुलैला मी महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या नावाने अर्ज लिहिला. एवढी वर्षं लोकांचे अर्ज टाईप करून देतेय, स्वतःचा लिहिताना "आम्ही बेघर आहोत" हे वाक्य टाईप करायला मला खूप वेळ लागला. कागद काय लागले ते सांगते कारण दोन चकरा त्यात गेल्या. मोठ्यांची आधार झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, प्रत्येकाचे दोन फोटो, मिस्टरांचं डिस्चार्ज कार्ड, महापालिकेच्या दवाखान्यातून चौघांची तपासणी केल्याचा केसपेपर. आणि नवरा-बायको असल्याचा पुरावा! लग्नाचं सर्टिफिकेट आमच्याकडे नव्हतं, तिथे मी रडकुंडीला आले, मग एका क्लार्कनेच सांगितलं की रेशनकार्डावर दोघांची नावं आहेत ना, तेच लावा. चाललं. रेशनकार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत पोटाशी बांधून ठेवलं होतं म्हणून वाचलं. तुमच्यावर अशी वेळ येतेय असं दिसलं तर भांडी नंतर भरा, आधी आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे रिझल्ट आणि बँक पासबुक एका पिशवीत घाला आणि सगळ्याचे फोटो काढून एखाद्या विश्वासू माणसाला व्हॉट्सॲप करून ठेवा.

२८ जुलैला, शुक्रवारी दुपारी, जागा झाल्याचा फोन आला. एक कुटुंब गावी परत गेलं होतं.

निवारा म्हणजे महापालिकेच्या शाळेची जुनी इमारत, चालवायला एक संस्था. खालच्या वर्गांमध्ये प्लायवूडचे पार्टिशन टाकून कप्पे केलेले, आम्हाला मिळाला तो साधारण १० बाय १२, म्हणजे चौघांना नियमाने २०० चौरस फूट पाहिजे तिथे १२०. पार्टिशन सहा-सात फुटांपर्यंतच, वरून मोकळं, त्यामुळे शेजारच्यांचा खोकला, भांडण, सगळं ऐकू यायचं. दाराला पडदा, एक लोखंडी कॉट, ती यांना, आम्ही तिघं खाली सतरंजीवर. एक लॉकर. नऊ कुटुंबं मिळून आम्ही ४१ माणसं आणि तीन संडास, त्यातला एक कमोडचा. तो कमोड बघून मिस्टर मागे वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मी काही विचारलं नाही.

पहिल्या रात्री मोठीने विचारलं, "बाबा उद्या इथेच असणार ना?" मी हो म्हटलं. तरी बूट घालूनच झोपली. दहा रात्री ती बूट घालून झोपत होती, आम्ही कोणीच तिला काही म्हटलं नाही, आणि ८ ऑगस्टला सकाळी बघितलं तर बूट कॉटखाली नीट जोडीने ठेवलेले, आत मोजे.

नियम होते. रात्री दहाला गेट बंद, सकाळ-संध्याकाळ रजिस्टरला सही, दारू नाही, कामावरून उशीर होणार असेल तर आधी फोन. किचन सामाईक, दोन शेगड्या, वेळा वाटून दिलेल्या, आमची वेळ सकाळी ६.४० ते ७.२०, त्यात चहा, पोळ्या, एक भाजी, डबा सगळं उरकायचं. सुरुवातीला पैसे घेतले नाहीत, माझं काम नीट चालू झाल्यावर महिना ५०० घ्यायला लागले, पावती देऊन. एनयूएलएमच्या सूचनांमध्ये उत्पन्नाच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत घेता येतं असं होतं, त्यामुळे त्यात काही गैर नव्हतं आणि खरं सांगायचं तर पावतीवर माझं नाव बघून मला बरं वाटलं, फुकट राहतोय ही टोचणी कमी झाली.

पण छप्पर, शेगडी हे निम्मंच. निवाऱ्याचं खरं काम मी तिथल्या सोशल वर्कर ताईंच्या वहीत बघितलं. प्रत्येक कुटुंबाला एक पान, त्यावर आधार, रेशन, अंगणवाडी, शाळा, बँक खातं, दवाखाना असे रकाने, आणि झालं की तारीख. हे सगळं जोडून देणं निवाऱ्याच्या कामातच धरलेलं आहे, उपकार म्हणून नाही, तेव्हा तुमच्या निवाऱ्यात कोणी करत नसेल तर विचारा.

शाळेचं सगळ्यात अवघड गेलं. मोठी ज्या इंग्रजी शाळेत होती तिथे ८,००० फी थकली होती, दाखला देईनात. मी तीन वेळा गेले, तिसऱ्यांदा ऑफिसच्या बाकावर दोन तास बसवलं आणि मग उद्या या. ताईंनी सांगितलं शिक्षण हक्क कायदा वाचा. कलम ५, दाखला द्यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मी ते पान प्रिंट काढून नेलं पण दाखवायची वेळच आली नाही, निवाऱ्यापासून दहा मिनिटांवरच्या मनपा शाळेच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "दाखला येईल तेव्हा येईल, पोरीला उद्यापासून बसवा." ७ ऑगस्टला ती वर्गात बसली. पुस्तकं, गणवेश, दुपारचा आहार शाळेतूनच. जुन्या शाळेने ऑनलाईन स्टुडंट आयडी सोडायला ऑक्टोबर उजाडला, तोवर तिचं नाव कच्च्या हजेरीवर होतं. इंग्रजीतून एकदम मराठीतून करायचं म्हणून ती पहिला महिना गप्प गप्प होती, गणितातलं "भागाकार" म्हणजे काय हे तिने मला हळूच विचारलं. निवाऱ्यात संध्याकाळी सहा ते साडेसात व्हरांड्यात अभ्यासाचा तास असायचा, कॉलेजची दोन मुलं यायची शिकवायला, त्या एका तासाने तिला फार सावरलं.

धाकट्याला अंगणवाडीत घातलं, निवाऱ्याच्या मॅनेजर मॅडमच्या पत्रावर. हे पत्र जपून ठेवा, "सदर कुटुंब या तारखेपासून येथे राहते" एवढंच असतं पण बरीच दारं त्यावर उघडतात. आधारच्या पत्त्यासाठीसुद्धा मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्याच ठरलेल्या नमुन्यात दिलेलं सर्टिफिकेट चालतं, साध्या लेटरहेडवरचं नाही चालत, आमच्या शेजारच्या कुटुंबाचं एकदा त्यामुळेच परत आलं. धाकट्याचं निळं बाल आधार जन्मदाखला आणि माझ्या आधारवर झालं, पैसे लागले नाहीत.

रेशन आम्ही दुसऱ्या भागातलं कार्ड असूनही निवाऱ्याजवळच्या दुकानात अंगठा लावून घेतलं, आता कुठल्याही दुकानात घेता येतं. माणशी पाच किलो, २०२३ पासून फुकट. धाकट्याचं नाव कार्डावर नव्हतं म्हणून १५ किलोच. दुकानदार आधी म्हणाला तुमच्या दुकानात जा, ताईंनी त्याला फोनवरच समजावलं.

वाईट दिवसही होते. सप्टेंबरमध्ये ढेकूण झाले, इतके की धाकट्याच्या मानेवर माळ घातल्यासारखे चट्टे. सगळ्या नऊ कुटुंबांनी एका रविवारी कॉट बाहेर काढून उकळतं पाणी ओतलं, सतरंज्या दिवसभर उन्हात, संध्याकाळी फवारणी, रात्री अकरापर्यंत पोरांना घेऊन आम्ही मैदानात. एका कुटुंबातला माणूस पिऊन येऊन बायकोला मारायचा, त्याला बाहेर काढलं आणि बायको-मुलांना राहू दिलं. तो गेटबाहेर रात्रभर ओरडत होता, आमची मुलं जागी होती. दिवाळीत एक ग्रुप फराळ वाटायला आला आणि पोरांच्या हातात बॉक्स देऊन रांगेत उभं करून फोटो काढायला लागला, मोठीच्या शाळेतल्या कोणी तो बघितला तर, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. मी मॅडमना सांगितलं, मॅडमनी फोटो बंद करायला लावले, दोघांनी बॉक्स परत गाडीत ठेवले. बाकीच्यांनी मात्र माफी मागितली आणि बसून मुलांबरोबर खाल्लं. मदत करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पोरांचे फोटो काढू नका.

आणि चांगलं म्हणजे माणसं. गणपतीत नऊ कुटुंबांनी मिळून ६०० रुपये जमवून शाडूची छोटी मूर्ती आणली. माझ्या शेजारच्या परभणीच्या वहिनी पहाटे चारला कचरा वेचायला जायच्या, त्यांची दोन वर्षांची मुलगी मिस्टर सांभाळायचे, आमच्या धाकट्याबरोबर. संध्याकाळी वहिनी यांना न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून द्यायच्या, पायाला शेकायला. दुकानात मी अजूनही "नणंदेकडे राहते" म्हणून सांगत होते, पण निवाऱ्यात मला काही लपवायला लागत नव्हतं.

दर तीन महिन्यांनी मुदतवाढ घ्यायला लागायची. फॉर्म, पासबुकची झेरॉक्स आणि मॅडमसोबत बसणं, पुढे काय करणार. पहिल्या वेळी मला ती चौकशी वाटली, दुसऱ्या वेळी कळलं की त्या शिल्लक बघतायत. झिरो बॅलन्सचं खातं उघडलं होतं, त्यात ऑक्टोबरला २,१०० होते. डिसेंबरमध्ये मिस्टरांना पार्सलच्याच गोडाऊनमध्ये बसून स्कॅनिंगचं काम मिळालं, ११,०००. मार्चअखेर खात्यात ३४,००० झाले. भाडं नाही, रेशन फुकट, शाळेची फी नाही, म्हणून झाले, आणि दोघं कामाला जायचो तेव्हा दुपारी धाकट्याला परभणीच्या वहिनी बघायच्या म्हणून झाले.

खोली शोधताना दोन ठिकाणी "सध्या कुठे राहता" वर मी खरं सांगितलं आणि त्यांनी नंतर फोन उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी आजी होत्या, एकट्या राहणाऱ्या, त्यांनी मॅडमचं पत्र चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि मॅडमना फोन केला. काय बोलणं झालं माहीत नाही, फोन ठेवून म्हणाल्या, "नळाला पाणी सकाळी पाच ते सात." भाडं ५,५००, डिपॉझिट २०,०००. यावेळी करार ऑनलाईन नोंदणीकृत केला, नोंदणी फी १,०००, थोडी स्टॅम्प ड्युटी आणि एजंटचे मिळून २,१०० गेले. मी हट्टाने केला.

७ एप्रिल २०२४ ला, पाडव्याच्या दोन दिवस आधी, आम्ही निघालो. रजिस्टरमध्ये शेवटची सही करताना मिस्टरांचा हात थरथरत होता. माळ्यावरून पोती उतरवली, समई काळी ठिक्कर पडली होती, पेपर तसाच गुंडाळलेला, १६ जुलैचा.

बाहेर पडल्यावरही मॅडमचा फोन यायचा, पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, मग सहाव्या. धाकट्याचं नाव मध्यंतरी रेशनकार्डावर चढलं, आता २० किलो मिळतं.

त्या नोटीसवाल्या बाईंना मी दुसऱ्याच दिवशी शिवाजीनगरला विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेले. वकील मॅडमनी नोटीस बघून सांगितलं की तुम्ही खोली सोडू नका, सामानाला कोणी हात लावला तर ११२ ला फोन करा, आणि मालकाला उत्तर लिहून दिलं. पुढची भेट येत्या बुधवारी आहे, अकरा वाजता. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगून ठेवलीय. येताना रेशनकार्ड आणि मुलांचे जन्मदाखले पिशवीत घालून आणा म्हणून त्यांना काल रात्री परत एकदा फोन केला.